कायम वास्तव्याचा हिशेब

महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेंबर्ग हे राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळ पाठविण्याविषयी फेब्रुवारी २०२४ मध्ये करार झाला. प्रारंभी दहा हजार तरुण पाठवावयाचे, असा त्यामागील संकल्प होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मनीने कुशल भारतीयांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या वीस हजारांवरून नव्वद हजारांवर नेण्याचे घोषित केले. तेव्हापासून कंधार-लोह्याकडील घरांतूनही जर्मनीचे नाव ऐकू येऊ लागले आहे. मात्र या चर्चेत 'पगार किती?' हा एकच प्रश्न विचारला जातो. 'तेथे कायम राहण्याचा हक्क केव्हा आणि कोणत्या अटींवर मिळतो?' हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

वस्तुतः मराठवाड्याला हा प्रश्न नवा नाही. निजामी राजवटीतील १९१९ च्या मुल्की नियमांप्रमाणे सरकारी नोकरी मुल्की माणसासाठीच राखलेली असे. बाहेरून आलेल्याला मुल्की ठरावयाचे तर संस्थानात किमान पंधरा वर्षे वास्तव्य दाखवावे लागे आणि मूळ गावी परतण्याचा विचार सोडल्याचे प्रतिज्ञापत्र मॅजिस्ट्रेटपुढे करावे लागे. तू किती वर्षे राहिलास, येथे काय दिलेस आणि पुढे राहणार आहेस काय, हे प्रश्न राज्य कोणतेही असो, परक्याला विचारले जातातच. जर्मनीचा कायदाही तेच विचारतो. फक्त उत्तरे तो महिन्यांत आणि कागदांत मागतो.

सर्वसाधारण नियम असा की, पाच वर्षांचे वैध वास्तव्य, निवृत्तिवेतन विम्याचे साठ मासिक हप्ते, जर्मन भाषेची 'बी-१' पातळी, स्वतःच्या कमाईवर निर्वाह आणि पुरेसे घर असल्यास कायम वास्तव्याचा परवाना मिळू शकतो. कुशल कामगार म्हणून मान्यता मिळालेल्यास तीन वर्षे व छत्तीस हप्ते पुरतात. ज्याने व्यवसायशिक्षण वा पदवी जर्मनीतच पूर्ण केली, त्याला पुढील दोन वर्षांच्या नोकरीनंतर अर्ज करता येतो. उच्च पात्रतेच्या व ठरावीक वेतनाच्या नोकरीसाठी असलेले 'ब्ल्यू कार्ड' ज्याच्याजवळ आहे, त्याला भाषेची प्राथमिक ओळख असल्यास सत्तावीस महिने लागतात, 'बी-१' असल्यास एकवीस.

सत्तावीस आणि एकवीस यांतील फरक लक्षात घेण्याजोगा आहे. भाषेची किंमत सहा महिने आहे, असे येथे कायद्यानेच सांगून ठेवले आहे. अर्थशास्त्राच्या परिभाषेत भाषा हे भांडवलच होय. पण ते मिळवावयाचे कोठे? मॅक्समुल्लर भवन पुण्यात आणि मुंबईत. कंधारच्या मुलाने तेथे खोली घेऊन राहावयाचे म्हणजे बापाने प्रवासखर्चाच्या आधीच कर्ज काढावयाचे. शासनाच्या योजनेत भाषाशिक्षणाचा समावेश होता हे योग्यच झाले. परंतु असे शिक्षण एखाद्या योजनेच्या आयुष्याशी बांधून ठेवता कामा नये. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात जर्मनचे कायमस्वरूपी सायंवर्ग चालविणे हे अशक्यप्राय काम नव्हे.

दुसरी अडचण प्रमाणपत्रांची. आपल्या आय.टी.आय.चा अभ्यासक्रम बहुधा एक-दोन वर्षांचा, जर्मनीतील व्यवसायशिक्षण बहुधा तीन ते साडेतीन वर्षांचे. त्यामुळे पुष्कळदा अंशतःच मान्यता मिळते आणि उरलेले शिक्षण तेथे पुरे करावे लागते. तीन वर्षांची जवळची वाट पूर्ण मान्यतेवाचून उघडत नाही, हे दलाल सांगत नाही. त्यात नावाचा घोळ! गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, वडिलांच्या नावाचे स्पेलिंग प्रत्येक कागदावर निराळे. शाळा-महाविद्यालयांतील लिपिकांनी दाखला लिहिताना घेतलेली काळजी येथे एखाद्याची वर्षे वाचवू शकते.

तरुण मुले कायमची गेली तर तालुक्याचे कसे होणार, असा आक्षेप घेतला जाईल. तो क्षुल्लक नाही. परंतु या भागातील माणसे आजही घर सोडतातच. कोणी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातो, कोणी मजुरीला हैदराबादला, कोणी पुण्याला. वीस हंगाम ऊस तोडलेल्या मजुराच्या श्रमाची वर्षे कोणत्याही वहीत मोजलेली नसतात. त्यांतून ना हक्क निर्माण होतो, ना निवृत्तिवेतन. जर्मनीत वेतनाच्या १८.६ टक्के रक्कम निवृत्तिवेतन विम्यात जाते. तिचा निम्मा भार मालक उचलतो. १ मे २०१७ पासून अमलात असलेल्या भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करारामुळे दोन्ही देशांतील विम्याचा काळ पात्रतेसाठी एकत्र धरता येतो. स्थलांतर वाईट नसते. वाईट असते ते बेहिशेबी स्थलांतर.

अर्थात या हक्कालाही मर्यादा आहेत. पूर्वपरवानगीवाचून सहा महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास हा परवाना सामान्यतः रद्द होतो. आईच्या आजारपणात गावी येऊन राहिलेल्या मुलावर हा नियम कठोरपणे कोसळू शकतो. म्हणून तो निघण्यापूर्वीच घरात सर्वांना ठाऊक असावा. शिवाय कायम वास्तव्य म्हणजे नागरिकत्व नव्हे. परवानाधारक भारतीयच राहतो, आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर त्याला गावच्या मतदारयादीत नाव ठेवून समक्ष मतदानही करता येते. जून २०२४ पासून नागरिकत्व देताना जुने नागरिकत्व सोडण्याची अट जर्मनीने काढून टाकली आहे. परंतु स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे नववे कलम संपुष्टात आणते. ही भेदरेषा पुष्कळ सुशिक्षितांनाही स्पष्ट नसते.

माणसे पाठविण्याचा करार करणाऱ्या शासनाची जबाबदारी विमानतळावर संपत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी विनामूल्य माहिती केंद्र, भाषेचे नियमित वर्ग, प्रमाणपत्रांच्या मान्यतेसाठी साहाय्य आणि १९८३ च्या उत्प्रवास कायद्यान्वये नोंदणी नसलेल्या दलालांवर कारवाई, एवढे तरी तिने केलेच पाहिजे. आणि जमीन गहाण टाकण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने पहिल्या पगाराबरोबरच छत्तिसाव्या हप्त्याचाही हिशेब मांडावा. परदेशात माणूस पगारावर जगतो; पण त्याचे पाऊल स्थिरावते ते हक्कावर.