आधी हवा मोजा

जुनी ॲल्युमिनियमची टूरिंग सायकल दुकानात आली की तक्रार ठरलेली असते. गाडी हाणते, हाताला मुंग्या येतात, पन्नास किलोमीटरनंतर कंबर धरते. आणि आपल्या बहुतेक दुकानांत निकालही ठरलेला असतो: “ॲल्युमिनियम आहे ना, कडकच असणार. पोलादी फ्रेम घ्या.” या महिन्यात आम्हाला या निकालाविरुद्ध लिहायचे आहे, कारण त्यापायी चांगल्या गाड्या भंगारात जात आहेत.

जानेफळहून मेहकरमार्गे लोणारला जाणारा स्वार डोळ्यांसमोर आणा. समृद्धी महामार्ग मेहकर तालुक्यातूनच गेला आहे, पण त्यावर दुचाकीला मज्जाव. म्हणजे सायकलवाल्याला जुनेच रस्ते. खाली काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वरचे डांबर लाटांसारखे वर-खाली होते. त्यावर खडीचा खरबरीत थर. इथे स्वाराला दोन वेगळे त्रास होतात. खडीची बारीक थरथर हातात उतरते, आणि लाटांचा, खड्ड्यांचा, गतिरोधकाचा दणका कंबरेत. दोन्हींवरचा उपाय एक नाही. म्हणून गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न हाच विचारावा, की दुखते नेमके कुठे?

फ्रेमची बदनामी झाली तिला कारण आहे. ॲल्युमिनियमची ताठरता पोलादाच्या जेमतेम एक तृतीयांश. ती भरून काढण्यासाठी जाड व्यासाच्या नळ्या वापरल्या गेल्या. अमेरिकेत गॅरी क्लाइन यांनी सत्तरच्या दशकात ही वाट पाडली आणि 1983 साली कॅननडेलने त्याच धर्तीची टूरिंग सायकल बाजारात आणली. भिंतीची जाडी तीच ठेवली तर नळीची ताठरता व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे या फ्रेमा पिळायला खरोखरच कडक. पण उभ्या दणक्याचा हिशेब वेगळा आहे. त्रिकोणी बांधणीची फ्रेम, पोलादी असो की ॲल्युमिनियमची, उभ्या दिशेने नावापुरतीच लवते. टायर मात्र कित्येक मिलिमीटर दबतो. त्या काळी अरुंद टायर आणि ठासून हवा अशी रीत होती. दोष तिचा, आणि नाव झाले धातूचे.

म्हणून आधी हवा मोजा. अंगठ्याने दाबून नव्हे, गेज लावून. टायरच्या कडेला 100 पीएसआय छापलेले असते ती कमाल मर्यादा आहे. आपल्याकडे तोच हुकूम समजून हवा भरली जाते. सायकलविषयक अमेरिकन लेखक फ्रँक बर्टो यांनी मोजमापे करून एक सोपा नियम दिला: स्वार बसल्यावर टायर आपल्या उंचीच्या सुमारे 15 टक्के दबावा. 32 मिमीच्या टायरला हे जवळजवळ 5 मिमी होतात. दुकानात हे पाहायला पाच मिनिटे पुरतात. सामानासह गाडी भिंतीला टेकवा, रिमच्या खालच्या कडेपासून फरशीपर्यंतचे अंतर पट्टीने मोजा, स्वाराला हँडल धरून बसवा, पुन्हा मोजा. फरक दोनच मिलिमीटर भरला तर हवा सोडा. गाडी, स्वार आणि सामान मिळून शंभर किलो असेल, तर 32 च्या टायरला मागे साधारण 70 आणि पुढे 50 ते 55 पीएसआय एवढ्यावरून सुरुवात करावी. पुढच्या चाकावर भार कमी असतो, तरी दोन्हीकडे सारखीच हवा भरण्याची सवय जात नाही, आणि हाताच्या मुंग्यांचे मोठे कारण तेच. ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोके पडू लागली तर ती रिमने चावली जात आहे असे समजून 5 पीएसआय वाढवा.

यानंतर टायरची रुंदी. जुन्या टूरिंग गाड्यांना पुष्कळदा 27 इंची चाक असते, म्हणजे 630 मिमीची बैठक. आपला देशी 28 × 1½ हा 635 चा, तो इथे चालत नाही. 700 सी हा 622 चा. 27 इंची चाकाच्या जागी 700 सी चाक घातले तर रिम 4 मिमी खाली येते, तेवढी जागा मोकळी होते आणि 35 किंवा 38 चा टायर बसण्याची शक्यता निर्माण होते. ब्रेकचे रबर तेवढे खाली जाते का, हे मात्र चाक विकत घेण्याआधी बघा. मागच्या हबची रुंदीही जुळली पाहिजे. फ्रेम 126 मिमीची आणि हब 130 चा असेल तर पोलादी फ्रेम ताणून घेता येते. ॲल्युमिनियमची ताणू नये.

रुंदीच्या हव्यासाला आपल्या भागात काळी माती लगाम घालते. ओल्या वाटेवर ती टायरला थापली जाते, मडगार्डात ठासते आणि चाक जागच्या जागी अडते. टायर आणि चेनस्टे यांच्यात जागा नसेल तर मातीतली कच नळी घासत राहते. कोरड्या दिवसांत प्रत्येक बाजूला 4 मिमी चालतील; पावसाळी वापराला आम्ही 8 च्या खाली जाणार नाही.

लाटांच्या दणक्याला मात्र टायर पुरा पडत नाही. तिथे स्प्रिंगची सीट किंवा लवणारा सीटपोस्ट, आणि बसण्याची ठेवण. हँडल सीटच्या पातळीला आणले की हातावरचा भार उतरतो. स्टेमवरची किमान खोलीची खूण बाहेर दिसता कामा नये, एवढे पाळा. पोस्ट अडकला असेल तर पाइप लावून पिळू नका. आणि आऱ्या ढिल्या ठेवल्या की गाडी मऊ चालते, ही समजूत सोडा. चाक मऊ होत नाही, फक्त आऱ्या तुटतात.

हे सारे करण्याआधी फ्रेम तपासलीच पाहिजे. पोलाद ठरावीक ताणाच्या खाली वर्षानुवर्षे टिकते. ॲल्युमिनियमला तशी सुरक्षित मर्यादा नाही, छोटे दणकेही साठत जातात. हेडट्यूबच्या मागचा जोड, बीबीचा भाग आणि मागचे ड्रॉपआउट स्पिरिटने पुसा, टॉर्च तिरपा धरा आणि जोडाच्या कडेने नख फिरवा. रंगात केसासारखी रेघ दिसली आणि नख तिथे अडले, तर गाडी रस्त्यावर सोडू नका. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे तर नेऊच नका. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाशेजारचा धातू मऊ पडतो आणि पुन्हा उष्णता-प्रक्रिया केल्याशिवाय त्याला मूळचे बळ येत नाही.

आपल्या दुकानात अशी गाडी आली असेल तर स्वाराचे वजन, टायरची रुंदी, पुढचा-मागचा दाब आणि रस्ता कोणता, एवढे लिहून आम्हाला पाठवा. काळ्या मातीच्या रस्त्यांसाठी दाबाचा तक्ता आपल्याच नोंदींवरून बनायला हवा; पुरेशा नोंदी आल्या की तो याच पानावर छापू.