तेल वनस्पतीचं, पण मुरतं कशात?



मागच्या आठवड्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. भाचा केमिकल इंजिनिअर झालाय. चामड्यासाठी रसायनं बनवणाऱ्या कंपनीत त्याला नोकरी मिळतेय. "ताई, सगळं वनस्पती तेलापासून बनतं म्हणे, आणि पाण्यात गेलं तरी कुजून जातं. मग आपल्याला चालेल ना?" तिला 'हो' ऐकायचं होतं. शिक्षणाचं कर्ज आहे डोक्यावर. मी भाच्याकडून आधी सगळं समजून घेतलं.

कमावलेलं कातडं वाळलं की पुठ्ठ्यासारखं कडक होतं. ते मऊ राहावं म्हणून त्याच्या तंतूंमध्ये तेल मुरवतात. तेल पाण्यात मिसळावं म्हणून त्यावर गंधकाच्या आम्लाची प्रक्रिया करतात. याला फॅटलिकर म्हणतात. पूर्वी यासाठी माशाचं, अगदी व्हेलचंही तेल वापरत. पुढे क्लोरीनयुक्त पॅराफिनं आली. ती निसर्गात वर्षानुवर्षं टिकतात आणि जिवांच्या शरीरात साठतात. त्यातल्या आखूड साखळीच्या प्रकाराचा २०१७ मध्ये स्टॉकहोम कराराखाली बंद करायच्या रसायनांत समावेश झाला.

त्यापुढे एरंडेल, सोयाबीनचं तेल नक्कीच बरं. ते जिवाणू खाऊन संपवतात. 'सहज विघटनशील' ठरायला चाचणीत २८ दिवसांत साधारण ६० टक्के विघटन व्हावं लागतं. पण तेल खाताना जिवाणू पाण्यातला ऑक्सिजनही वापरतात. सांडपाणी शुद्ध न करता ओढ्यात सोडलं, तर तिथले मासे गुदमरतात. म्हणजे 'कुजतं' म्हणून 'निर्दोष' असं होत नाही.

आणि माझा खरा मुद्दा वेगळाच आहे. विघटन हा पाण्याचा प्रश्न झाला. कातड्याचा प्रश्न तसाच उरतो. तेल वनस्पतीचं असलं तरी ते मुरतं जनावराच्या कातडीतच. श्रावकाने टाळायच्या पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य आहे. हस्तिदंत, कातडी अशा प्राण्यांच्या अवयवांचा व्यापार त्यात येतो. 'वनस्पती' हा शब्द पुढे करून आपण तो दोष झाकू नये.

मी बहिणीला म्हटलं, ही नोकरी त्याने घेऊ नये असं मला वाटतं. शिकलेलं वाया जात नाही. असंच प्रक्रिया केलेलं एरंडेल, टर्की रेड ऑइल, सूत रंगवायलाही वापरतात. इचलकरंजी काही लांब नाही. पगार कदाचित कमी मिळेल, हे मान्य. कर्जाचा हप्ता मी भरणार नाही, त्यामुळे शेवटचा निर्णय त्याचाच.

फोन ठेवला आणि माझंच कपाट उघडलं. यांचा कमरेचा पट्टा, लग्नात आहेर आलेली पर्स, दोन्ही चामड्याचे. शेजारी रेक्झिनच्या तीन पिशव्या. त्यात जनावर नाही, पण ते प्लास्टिक आपल्या नातवंडांनंतरही कुजायचं नाही. आपणच गिऱ्हाईक असताना त्या पोराला एकट्याला धर्म कसा शिकवायचा?

नवीन चामडं घ्यायचं नाही, रेक्झिनही नाही, आहे ते फाटेपर्यंत वापरायचं आणि पुढची पिशवी जाड कापडाची शिवायची, असं मी ठरवलंय. अपरिग्रह इथूनच सुरू होतो.

तुम्ही बहिणीला काय सांगितलं असतं? जरूर कळवा. माझं काही चुकलं असेल तर क्षमा असावी.

जय जिनेंद्र.