जतन म्हणजे कुलूप नव्हे

आपल्या बहुतेक संस्थांच्या वार्षिक अहवालांत एक वाक्य हटकून असते. जुन्या व्याख्यानांच्या आणि मैफलींच्या ध्वनिफितींचा अमूल्य ठेवा संस्थेजवळ आहे, हे ते वाक्य. तो ठेवा ऐकावयास मिळेल काय, असे विचारले की कपाटाकडे बोट दाखवले जाते. किल्ली चिटणिसांकडे असते आणि चिटणीस परगावी असतात. शासकीय सेवेत उभा जन्म दप्तरे सांभाळल्यानंतर आम्ही एवढे निश्चयाने सांगू शकतो की, ज्या कागदापर्यंत कोणी पोहोचू शकत नाही, तो कागद जतन झालेला नसतो. त्याचा नाश तेवढा लांबणीवर पडलेला असतो.

या विधानाच्या पुष्ट्यर्थ आम्ही जे उदाहरण देणार आहोत, ते काही वाचकांस चमत्कारिक वाटेल. ते ‘ग्रेटफुल डेड’ या अमेरिकन रॉक बँडचे आहे. ग्वाल्हेर गायकीवर पोसलेल्या आमच्या कानांस हे संगीत मानवते असा आमचा दावा नाही. प्रश्न आवडीचा नसून दप्तराचा आहे, आणि दप्तराच्या बाबतीत या लांब केसांच्या मंडळींकडून आपण शिकावे असे पुष्कळ आहे.

८ मे १९७७ रोजी या बँडचा कार्यक्रम न्यूयॉर्क राज्यातील इथाका येथे, कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये झाला. मे महिना असूनही त्या रात्री तेथे बर्फ पडले. या मंडळींचे वैशिष्ट्य असे की, कोणतेही दोन कार्यक्रम सारखे होत नसत. गीतांचा क्रम बदले, आणि आज एखादे गीत जेवढे रंगले तेवढेच ते उद्या रंगेल याची शाश्वती नसे. त्या रात्री तर दोन गीते एकमेकांत गुंफून सुमारे पंचवीस मिनिटे अखंड वाजवली गेली. बैठकीच्या गाण्याचा संस्कार असलेल्या वाचकांस याचे मोल वेगळे सांगावयास नको. जे त्या रात्री घडले ते पुन्हा घडणार नव्हते. बेटी कँटर-जॅक्सन या ध्वनिमुद्रक बाईंनी ते फितीवर उतरवले, म्हणूनच ते उरले.

पुढे जे झाले ते आपल्या संस्थांत शोभावे असेच आहे. बाईंचा बँडशी असलेला संबंध तुटला. त्यांच्याजवळच्या शेकडो फिती भाड्याच्या गुदामात पडल्या, भाडे थकले, आणि १९८६ साली ते सामान लिलावात गेले. काही फिती ओलीत राहून त्यांवर बुरशी चढली. ज्यांचे संगीत, त्यांच्या भांडारात मूळ फीतच नव्हती!

तरीही कॉर्नेलची ती रात्र हरवली नाही, कारण लिलावानंतर तिच्या प्रती रसिकांच्या हाती पडल्या. या बँडच्या श्रोत्यांत एक रीत फार पूर्वीपासून रुजली होती. कार्यक्रमाच्या फितीची प्रत करून द्यावी, बदल्यात दुसरी फीत घ्यावी, पैसा घेऊ नये. बँडची या रीतीस आडकाठी नव्हती. उलट १९८४ पासून ध्वनिमुद्रण करणाऱ्या श्रोत्यांसाठी सभागृहात निराळी जागा राखून ठेवण्यात येऊ लागली. अशाच एका संग्राहक श्रोत्याला, डिक लॅटव्हाला यांना, बँडने आपल्या भांडाराचा रक्षक नेमले. १९९३ पासून त्यांच्या नावाने जुन्या कार्यक्रमांच्या ध्वनिमुद्रिका निघू लागल्या.

लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय महत्त्वाच्या ध्वनिमुद्रणांच्या २०११ सालच्या यादीत कॉर्नेलच्या कार्यक्रमाचा समावेश केला. तोवर तो अधिकृतपणे प्रसिद्धही झालेला नव्हता! मूळ फिती परत मिळाल्यावर मे २०१७ मध्ये, चाळीस वर्षांनी, अल्बम निघाला. त्याचे नावच ‘कॉर्नेल ५/८/७७’ असे आहे. अमेरिकेत महिना आधी लिहितात; आपण ते ५ ऑगस्ट समजू नये. पण ठिकाण आणि तारीख हेच शीर्षक व्हावे, याचे आम्हां दप्तरी माणसांस कोण कौतुक वाटले!

यावर आक्षेप येईल की, ही तर चोरीची भलावण झाली. तसे नाही. लिलावाने फितींची मालकी बदलते, संगीतावरचा हक्क बदलत नाही. आणि त्या प्रती सर्वस्वी नियमात बसत होत्या असे आम्ही म्हणत नाही. फितीवरून फीत करताना दर पिढीस आवाज मळतो, म्हणून मूळ फितीची गरज प्रतींनी भागत नाही, हेही खरे. दैवाचा वाटाही मान्य केला पाहिजे, कारण लिलावात दुसरा कोणी असता तर त्याने ती खोकी उकिरड्यावरही टाकली असती. परंतु मूळ फीत परत येईपर्यंत त्या रात्रीची ओळख आणि ओढ जिवंत राहिली ती प्रतींमुळे, हे कोणासही नाकारता येणार नाही. चाळीस वर्षे ज्याचे नावही कोणी काढले नसते, त्याचा शोध घ्यावा असे कोणाच्या मनात आले असते?

काही वर्षांपूर्वी एका जुन्या मंडळाच्या कपाटातील एक कॅसेट आमच्यासमोर लावण्यात आली. वर ‘गणपती, दुसरा दिवस’ एवढेच लिहिलेले. साल नाही, गाणाराचे नाव नाही. दोन मिनिटे एक भरदार आवाज आला, यमनची आस लागली, आणि फीत यंत्रात गुंडाळून तुटली. तो आवाज कोणाचा, हे सांगू शकणारी माणसे आज हयात नाहीत.

तीन-चार पिढ्यांपूर्वी घरदार सोडून आपण या मुलखात आलो. आपल्या गणेशोत्सवांचे, शारदोत्सवांचे दप्तर पुण्या-मुंबईचे कोणी येऊन ठेवणार नाही. तेव्हा आमची मागणी साधी आहे. येत्या वर्षात प्रत्येक संस्थेने आपल्या फितींची तारीख, स्थळ आणि नावासह यादी छापावी. कलावंतांच्या वारसांची लेखी संमती घेऊन त्या संगणकावर उतरवाव्यात, निदान दोन निरनिराळ्या गावी प्रती ठेवाव्यात, आणि मागेल त्या सभासदास एक प्रत द्यावी. ज्या कार्यकारिणीस हे जमणार नसेल तिने पुढच्या अहवालातून ‘अमूल्य ठेवा’ हे शब्द तेवढे काढून टाकावेत.