शहर होण्याआधीची मोजणी

मिरगाचा पहिला पाऊस पडला की काळ्या रानात मखमली लाल किडे फिरू लागतात. पाय मोजले तर आठ. म्हणजे हा 'मिरगाचा किडा' शास्त्राच्या हिशेबाने कीटक नव्हेच, कोळ्यांच्या भाऊबंदांतला. तो आला हे शेतकऱ्याच्या लक्षात राहते. किती आले, हे मात्र कुठे लिहिलेले नसते.

आपल्या कीटक-अभ्यासाचे दुखणे नेमके हेच आहे. पुण्या-मुंबईत कीटक घटले असे आपण म्हणतो, पण 'कशाच्या तुलनेत?' या प्रश्नाशी अडतो. जर्मनीतील क्रेफेल्डच्या हौशी कीटक-अभ्यासकांना उत्तर देता आले, कारण त्यांनी १९८९ पासून एकाच पद्धतीचे सापळे लावून कीटकांचे वजन टिपले होते. ६३ संरक्षित ठिकाणच्या त्या नोंदींतून २७ वर्षांत उडत्या कीटकांचे वजन तीन चतुर्थांशांहून अधिक घटल्याचे २०१७ मध्ये जगाला कळले.

म्हणून नजर आता कुरुंद्यासारख्या गावांकडे वळवावी. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्याचे हे मोठे गाव; भोवती हळद आणि ऊस, टोकाईचा साखर कारखाना. ते आज शहर नाही, म्हणूनच तिथली मोजणी मोलाची. अशी गावे वाढतात तेव्हा बांधावरची रुई आधी जाते आणि तिच्यावर अळी वाढवणारे प्लेन टायगर फुलपाखरूही. उघड्या मातीत बिळे करणाऱ्या एकांड्या मधमाश्यांची दारे पेव्हर ब्लॉकखाली बुजतात. रात्रभर जळणारे दिवे पतंगांना खेचून घेतात; डासांसाठी केलेली धूरफवारणी डासांपाशीच थांबत नाही.

काम अवघड नाही. गावठाणापासून शिवारापर्यंत एक किलोमीटरची वाट ठरवा. दरमहा त्याच वेळी ती चाला. रात्री एक दिव्याचा खांब आणि एक अंधारी जागा तपासा. काही दिसले नाही तर शून्य लिहा; तीही नोंदच. जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही अपेक्षित आहे. हे आकडे त्या वहीत गेले पाहिजेत. उद्या रस्ता किंवा नवी वसाहत आखताना ते ग्रामसभेपुढे ठेवता येतील. शिवारातल्या किड्यांची नावे गावातल्या माणसांना विचारा, तीही लिहा.

येत्या मिरगापासून सुरुवात करू. आणि त्या लाल पाहुण्यासाठी एक वेगळा रकाना राखा, पाय आठ असले तरी.