कुंडीतील चहाचा चोथा

पेढीवर सकाळचा चहा होतो आणि उरलेला चहा चोथ्यासह दाराशी ठेवलेल्या कुंडीत रिता केला जातो. घरोघरी स्वयंपाकघराच्या खिडकीतही हेच घडते. चोथा म्हणजे फुकटचे खत, ही त्यामागील समजूत. ती एकदा तपासून पाहणे आवश्यक आहे. कारण चहा-कॉफीतील कॅफीन वनस्पतींना निरुपद्रवी नाही.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडलीब रुंगे यांनी 1819 साली कॉफीच्या बियांतून हे द्रव्य प्रथम वेगळे केले. माणसाला तरतरी यावी म्हणून झाड ते निर्माण करीत नाही. कोवळी पाने व बिया कीटकांपासून राखण्यासाठी ते असते. गळलेल्या पाना-बियांतून ते मातीत उतरते आणि शेजारी रुजू पाहणाऱ्या अन्य बियांची उगवण रोखू शकते.

वनस्पतीची पेशी विभागताना दोन नव्या पेशींच्या मध्ये भिंत उभी राहते. कॅफीन ही भिंत पूर्ण होऊ देत नाही. परिणामी एकाच पेशीत दोन केंद्रके राहून जातात. कांद्याच्या मुळांच्या टोकांवर हा परिणाम सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतो. मुळे खुंटली की पाणी व क्षार शोषण्याची क्रिया मंदावते. खुद्द कॉफीच्या बीजालाही या विषापासून जपावे लागते. अंकुरताना त्याचे मूळ आधी लांबून कॅफीनयुक्त गरापासून दूर सरकते आणि मगच त्याच्या टोकाशी पेशीविभाजन सुरू होते.

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील संशोधकांनी 2016 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॉफीचा ताजा चोथा थेट मातीत मिसळला. ब्रोकोली, मुळा, सूर्यफूल आदी रोपांची वाढ खुंटली. सोबत खत देऊनही ती हानी भरून निघाली नाही. चोथ्यातील अन्य द्रव्यांचाही त्यात वाटा असू शकतो. परंतु ताजा चोथा रोपांना मानवत नाही, हे त्यातून दिसले.

जैन दर्शनात वनस्पती हा एकेंद्रिय जीव आहे. पाठशाळेत शिकविली जाणारी जयणा कुंडीपाशी संपत नाही. दूध-साखरेचा चहा ओतला की मुंग्या जमतात. मग त्यांच्यावर औषध फवारले जाते. एका निष्काळजी कृतीतून रोपाला इजा आणि मुंग्यांचा घात, असा दुहेरी दोष पदरी पडतो.

उपाय सोपा आहे. चोथ्यातील दूध-साखर थोड्या पाण्याने धुऊन काढावी, तो उन्हात वाळवावा आणि सुक्या पालापाचोळ्यासोबत पूर्ण कुजू द्यावा. कुजताना सूक्ष्मजंतू कॅफीनचे विघटन करतात. असे तयार झालेले खत मोठ्या झाडांना बेताने घालावे. कोवळ्या रोपांना आणि नुकत्याच पेरलेल्या बियांना ताज्या चोथ्यापासून कटाक्षाने दूर ठेवावे.