पायांची सूज: वुजू करताना एक नजर

गुरुकुंज मोझरीसारख्या गावात दिवसभर निंदणाला वाकणाऱ्या, दुकानात उभे राहणाऱ्या अनेकांना संध्याकाळी चप्पल घट्ट होते. पाहायला वुजूची वेळ चांगली. पाय धुताना घोट्याच्या वर, नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबा. खड्डा राहिला तर पायात पाणी साचले आहे.

दोन्ही पायांची सूज सकाळी उतरत असेल तर बहुधा तासन्‌तास उभे राहण्याचा किंवा पाय लोंबते ठेवण्याचा परिणाम. पाय उशीवर ठेवा. लोणचे, पापड, मीठ कमी करा. ब्लडप्रेशरच्या अम्लोडिपीन गोळीनेही सूज येते. ती स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना सांगा. गुडघेदुखीच्या गोळ्या अंगात पाणी धरतात, किडनीलाही जड जातात.

सूज सकाळीही राहिली तर तपासणी हवी. आडवे होताच धाप लागणे हृदयाकडे, लघवीला फेस किडनीकडे, पिवळे डोळे यकृताकडे बोट दाखवतात. एकच पाय महिनोन्‌महिने सुजत असेल तर हत्तीरोगाचीही तपासणी करा; विदर्भात तो आहे.

एकच पाय अचानक सुजून पोटरी दुखत असेल तर शिरेत रक्ताची गाठ असू शकते. तेल लावून चोळू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. धाप लागली तर एसटीची वाट न पाहता १०८ ला फोन करा. गरोदरपणी चेहरा-हात एकदम सुजले, डोके दुखले तर लगेच रक्तदाब तपासा.

शरीर अल्लाहची अमानत आहे. ‘वयच झालं’ म्हणत अम्मी-अब्बांची सूज अंगावर काढू देऊ नका.