कपाळाला आठ्या घाला पाहू!

२०२४ ची नरकचतुर्दशी. पहाटेचे साडेपाच वाजले असतील. स्नान उरकून मी फराळाच्या ताटाकडे वळतो आहे, तोच दाराची घंटा वाजली. वरच्या मजल्यावरचे भाऊसाहेब अंगाला उटणे तसेच ठेवून दारात उभे.

"डॉक्टर, जरा वर चला. हिचे तोंड वाकडे झाले आहे."

वहिनी स्वयंपाकघरात पदराने तोंड झाकून बसल्या होत्या. सकाळी दात घासून चूळ भरली, तर पाणी उजव्या कोपऱ्यातून गळून साडीवर सांडले. म्हणून आरशात पाहिले, तो ओठ डावीकडे ओढलेले आणि उजवा डोळा काही केल्या मिटेना. सासूबाई एकीकडे म्हणत होत्या, "खिडकीतला वारा लागला, गरम तेलाने चोळा." धाकटा मुलगा दुसरीकडे "अर्धांग, अर्धांग" म्हणून रडकुंडीला आलेला.

मी म्हणालो, "वहिनी, कपाळाला आठ्या घाला पाहू."

"दिवाळीच्या दिवशी आठ्या कसल्या घालायला सांगता?" त्या बोबड्या उच्चारात म्हणाल्या; पण घातल्या. डाव्या बाजूला आठ्या पडल्या. उजवी बाजू इस्त्री केलेल्या कापडासारखी गुळगुळीत! मग दोन्ही हात समोर धरायला लावले, चालवून पाहिले, कानात डोकावलो, रक्तदाब पाहिला. हातपाय ठणठणीत. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

याला कारण आहे. आपल्या कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्ध्या भागांकडून हुकूम येतात. एका बाजूच्या मेंदूचा रक्तपुरवठा तुटला, तर ओठ वाकडा होतो, पण कपाळ बहुधा शाबूत राहते. उलट, चेहऱ्याची मज्जातंतूच बिघडली तर कपाळ, डोळा, ओठ सगळी बाजू एकदम संपावर जाते. कानाजवळच्या हाडातल्या अरुंद नळीतून ही तंतू बाहेर येते. तिला सूज आली की पसरायला जागा नाही, आणि ती तिथेच आवळली जाते. सर चार्ल्स बेल या शल्यवैद्याने १८२१ साली चेहऱ्याच्या मज्जातंतूंवर निबंध लिहिला. त्याच्याच नावाने या दुखण्याला 'बेल्स पाल्सी' म्हणतात. आपल्या आयुर्वेदात चेहरा वाकडा होण्याला 'अर्दित' हे नाव फार पूर्वीपासून आहे. सूज का येते? नागिणीच्या जातकुळीतल्या विषाणूंवर संशय आहे. खिडकीतल्या वाऱ्यावर मात्र गुन्हा शाबीत झालेला नाही.

विचारल्यावर वहिनींना एकेक आठवू लागले. दोन दिवस उजव्या कानामागे दुखत होते. चकलीच्या पिठाची चव नीट कळेना म्हणून सुनेला चाखायला लावले होते. आदल्या रात्री फटाके उजव्या कानात नको इतके कर्कश वाटत होते. ही सारी त्याच एका तंतूची कामे.

पण वाचकहो, आठ्यांची ही परीक्षा घरी करून कोणी निर्धास्त होऊ नका. मेंदूच्या देठाशी बिघाड झाला तर कपाळही लुळे पडू शकते. चेहरा अचानक वाकडा झाला, की घड्याळात वेळ पाहायची आणि रुग्णालय गाठायचे. हे मी अधिकाराने नव्हे, अपराधाने सांगतो आहे.

२०१२ सालची गोष्ट. रात्री अकराला माझ्या एका जुन्या रुग्णाच्या मुलाचा फोन आला. "काका, बाबांचे तोंड जरा वाकडे दिसते आहे. आणि मघाशी हातातून पेला निसटला." मी दिवसभराचा दमलेला. तोंडाचे ऐकले, पेल्याचे ऐकले नाही. "वारा लागला असेल, सकाळी घेऊन ये," म्हणालो आणि झोपलो. सकाळी त्यांचा उजवा हात उचलत नव्हता आणि वाचा गेली होती. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. ते तास मी झोपेत घालवले होते. तो मुलगा अजून दर दिवाळीला मिठाईचा डबा पाठवतो. मी तो उघडत नाही.

म्हणून वहिनींना त्याच दिवशी मज्जातंतूंच्या तज्ज्ञाकडे नेले. त्यांनीही बेल्स पाल्सीच सांगितली आणि प्रेडनिसोलोनच्या गोळ्या दहा दिवस लिहून दिल्या. या गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू व्हाव्या लागतात. स्कॉटलंडमधल्या ५५१ रुग्णांवरच्या प्रयोगाचा निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात नऊ महिन्यांनी या गोळ्या घेतलेल्यांपैकी शंभरात ९४ पूर्ण बरे झाले होते, न घेतलेल्यांपैकी ८२. वहिनींना मधुमेह, आणि या गोळ्यांनी साखर चढते. तेव्हा रोज साखर तपासायची आणि लाडू-करंज्या डब्यात बंद. त्यांचा खरा राग या दुसऱ्या कलमावर होता!

सगळ्यांत जपायचा तो डोळा. पापणी मिटत नाही, बुबुळ कोरडे पडते, जखम होते. प्रसंगी दृष्टी जाते. दिवसा थेंब आणि चष्मा, रात्री मलम घालून पापणी चिकटपट्टीने बंद. ती पट्टी भाऊसाहेब स्वतः लावत. विजेचे झटके देणाऱ्या एकाची शिफारस कोणी केली होती, ती मी मोडून काढली; त्यांचा फायदा सिद्ध झालेला नाही. कानात किंवा कानापाशी फोड असते, तर ते नागिणीचे दुखणे, आणि विषाणूंवरचे औषधही तातडीने लागले असते. चार महिन्यांत जराही हालचाल परतली नसती, तर दुसरे कारण शोधावे लागले असते.

वहिनींची उजवी पापणी तिसऱ्या आठवड्यात हलली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या गेल्या, पण हसताना पदर तोंडावर. पाडव्याला त्यांनी मला मुद्दाम वर बोलावले, चहा दिला आणि समोर उभ्या राहून कपाळाला आठ्या घातल्या.

"बघा, दोन्हीकडून!"

चहाचा घोट घेताना मात्र त्यांचा उजवा डोळा किंचित मिटतो. बऱ्या होणाऱ्या तंतूचे धागे कधीकधी चुकीच्या स्नायूला जाऊन मिळतात, असे मी समजावू लागलो. भाऊसाहेबांनी मला थांबवले.

"राहू द्या हो डॉक्टर. छत्तीस वर्षांत ही पहिल्यांदाच मला डोळा मारते आहे."